मी न उचललेला ताव

११ फेब्रुवारी १९४३, सकाळचे आठ. तिकिटे चार, शिक्का एक.

मित्रांनो, ही माझी जन्मवेळ नव्हे. मी एक जुना चिमटा आहे, आणि चिमट्याची जन्मवेळ कोणी टिपून ठेवत नाही. ही वेळ एका काळ्या गोल शिक्क्यात आहे. महायुद्ध पेटलेले असताना जर्मनीतल्या कुठल्याशा टपालघरात एका कारकुनाने तो शिक्का चार तिकिटांच्या लहानशा तावाच्या बरोबर मधोमध मारला आणि बहुधा त्याच क्षणी तो विसरूनही गेला. मी मात्र त्या शिक्क्याच्या धास्तीत माझ्या आयुष्याची उत्तम वर्षे काढली.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्टीतून दोन पाती कापली गेली, त्यांची टोके घासून सुईसारखी केली गेली आणि मागची बाजू एकमेकींना जोडली गेली. मग लाल होईपर्यंत तापवून मला तेलात बुडवले. कारागीर यालाच पोलादाला पाणी देणे म्हणतात. शेवटी एक तपासनीस प्रत्येक चिमटा दाबून सोडून पाहत असे. जो पुन्हा पूर्ववत उघडत नसे, त्याची रवानगी भंगाराच्या पेटीत. माझ्या डावीकडचा गेला, उजवीकडचाही गेला. मी उघडलो, पण भीती म्हणजे काय, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे.

तिथून मी एका घड्याळजीच्या खणात आलो. डोळ्याला सतत भिंग लावून बसण्याच्या सवयीमुळे त्यांना सारे भिंगकाका म्हणत. केसाएवढी कमान उचलणे, मोहरीएवढा स्क्रू बसवणे, ही माझी कामे. काम नाजूक होते, पण भीतीचे नव्हते. एखादा स्क्रू उडालाच, तर भिंगकाका दुकानभर रांगत, घड्याळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत आणि तो शोधून काढीत. लोखंड हरवते, सापडते. कागदाचे तसे नसते, हे मला पुढे कळले.

भिंगकाकांचे एक जिवलग मित्र होते. ते एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजून पास किंवा नापास करीत. त्यांचा थोरला भाऊ जहाजावर इंजिनीअर होता. एकदा तो रजेवर आला, तेव्हा त्यांच्या घरी घड्याळ दुरुस्तीला गेलेल्या भिंगकाकांच्या खिशात मीही होतो. त्यामुळे पुढचे सारे मी खिशाच्या काठावरून पाहिले.

थोरल्या भावाने दोन जाड पुठ्ठ्यांमधून तो ताव काढला आणि धाकट्यासमोर ठेवला.

"घे. तुझी जन्मखूण."

"कसली जन्मखूण, दादा?"

"वाच की! डोळे कारखान्यातच ठेवून आलास का?"

धाकट्याने वाकून शिक्का वाचला. आधी तारीख, मग साल, मग तास. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"हा तर माझा दिवस!"

"दिवस आणि वेळसुद्धा. आई सांगायची ना, आठाचा भोंगा झाला आणि हा रडला, म्हणून? किती बंदरं पालथी घातली ते मला विचार. दुकानदार म्हणायचे, तिकीट कुठलं हवं? मी म्हणायचो, तिकीट कुठलंही चालेल, तारीख हीच पाहिजे."

"पण दादा, तिकडचे आठ म्हणजे आपले आठ नव्हेत. तासांचा फरक धरला तर..."

"गप रे! भेट घेताना तरी फूटपट्टी खाली ठेव."

धाकट्याची बायको रुग्णालयात परिचारिका होती. ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, "म्हणजे तिकडे शिक्का आपटला आणि इकडे हे रडले. त्या दिवशी दोन्हीकडे आवाजच आवाज!"

सगळे हसले. पण धाकट्याने बोटाने तावाची कड धरलेली पाहून भिंगकाका कळवळले. "अरे, बोटाला घाम असतो! हा घे माझा चिमटा. आणि मागच्या डिंकाला जपायचं हं. शिक्का पडूनही ज्याचा डिंक शाबूत आहे असा ताव लाखात एक."

अशा रीतीने मी त्या घरी राहायला गेलो. नव्या मालकांनी पहिल्याच रविवारी माझी टोके तेल लावलेल्या दगडावर घासली. ती सुईसारखी होती, ती नखासारखी गोल आणि गुळगुळीत होईपर्यंत ते थांबले नाहीत. मधूनमधून ते मला स्वतःच्या पापणीवरून अलगद फिरवून पाहत. टोचले नाही, तेव्हाच त्यांनी दगड खाली ठेवला.

त्या एका तावापासून त्यांना छंद लागला. युद्धकाळातली जर्मन तिकिटे आणि त्याहून अधिक त्यांच्यावरचे शिक्के ते जमवू लागले. इतर संग्राहक स्वच्छ तिकीट शोधतात. यांना शिक्क्याने काळे झालेले हवे असे. शिक्क्यात गावाचे नाव, तारीख आणि तास असतो. तिकिटात नुसते चित्र असते, असे त्यांचे म्हणणे. लवकरच सारे त्यांना ठसेकाका म्हणू लागले.

मित्रांनो, हा संग्रह हाताळणे सोपे नव्हते. पुष्कळशा तिकिटांवर त्या काळच्या हुकूमशहाचे तोंड होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी बजावले, "त्या मिशीवाल्यानं माझ्या घरात माझ्याकडे बघता कामा नये." मग ठसेकाकांनी युक्ती काढली. अल्बमच्या पानावरच्या पट्टीत ते तिकीट इतके खोल सरकवीत, की तोंड पट्टीखाली जाई आणि शिक्क्याचा भाग तेवढा वर राही. ते सरकवण्याचे काम माझे. माझ्या दोन पात्यांमध्ये ते तोंड येई, तेव्हा मी थंड पोलाद असूनही अधिक थंड होत असे.

आणखी भीती वाटे ती सैनिकांच्या पत्रांची. सैनिकांचे टपाल फुकट जाई, म्हणून त्यांच्यावर तिकीटच नसे. फक्त गोल शिक्का आणि पेन्सिलीची फिकट अक्षरे. पत्र निघाले कधी, ते शिक्का सांगतो. लिहिणारा घरी परतला की नाही, ते तो सांगत नाही.  अशी पत्रे उचलताना ठसेकाकांची माझ्यावरची पकड नेहमीपेक्षा हलकी असे.

पण संग्रहाचे पहिले पान त्या तावाचेच होते. चारही तिकिटांवर एकाच पुलाची चार चित्रे होती, आणि मधल्या शिक्क्याचा चतकोर चतकोर भाग प्रत्येकाच्या आतल्या कोपऱ्यावर पडलेला होता. दादा रजेवर आला की मी तो ताव उचलून त्याच्यासमोर धरत असे. "वा!" म्हणून तो आधी ताव पाही आणि मग मलाही म्हणे, "शाब्बास, चिमटेराव!" माझे कौतुक करणारा तो एकटाच.

आता माझ्या खऱ्या भीतीची हकीकत सांगतो.

तिकिटे जमवणाऱ्यांना एकाच शत्रूचे नाव शिकवलेले असते. तो शत्रू म्हणजे ओल. ओलीने तिकिटे एकमेकांना चिकटतात, बुरशी धरतात, डिंक पाझरतो. ठसेकाका तर मोजमापाचे गृहस्थ. त्यांनी अल्बम एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि भोवती ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या रचल्या. पुड्या जुन्या झाल्या की ते नव्या घालत. पेटीतली हवा भाजलेल्या विटेसारखी कोरडी झाली. ते समाधानाने म्हणत, "आता ओलीची काय बिशाद!"

एकदा नेहमीप्रमाणे मी ताव उचलला आणि मला माझ्या पात्यांमधून एक बारीक थरथर जाणवली. आवाज असा नव्हताच. वाळलेले पान मुठीत धरावे, तसे काहीसे. पूर्वी हा ताव उचलताना किंचित लवत असे. आता तो लवत नव्हता. माझे काळीज कुठे असते ते मला माहीत नाही, पण जिथे असेल तिथे धस्स झाले. डोळ्यांना दिसण्याआधी ते मला कळले होते आणि मला सांगता येत नव्हते.

पुढच्या वेळी थरथर वाढली. त्यापुढच्या वेळी उजव्या खालच्या तिकिटावर केसाएवढी रेघ दिसली. ठसेकाकांनी ती पाहिली.  त्यांनी मला सांभाळून उघडले, ताव परत पट्टीत सोडला आणि अल्बम मिटला. त्या दिवशी त्यांनी पेटीत पुड्यांची आणखी एक रास घातली.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावेसे वाटले. पण चिमट्याला तोंड असूनही बोलता येत नाही.

त्यानंतर पेटी क्वचितच उघडली गेली. मग दादा आजारी पडला आणि गेला. तो गेल्यावर पेटी उघडलीच नाही. मी टेबलाच्या खणात, खोडरबर आणि वाळलेल्या पेनांच्या सोबतीने पडून राहिलो. माझ्या जोडाशी गंजाचा एक ठिपका उमटला. त्याची मला भीती वाटलीच. पण त्याहून अधिक भीती वाटे ती शेजारच्या कपाटातल्या पेटीची. बंद झाकणाखाली आता काय चालले असेल? रेघ किती पुढे गेली असेल? ती शिक्क्यापर्यंत पोहोचली असेल का? खणाच्या अंधारात मला दुसरा विचारच सुचत नसे.

बऱ्याच काळाने खण उघडला. बाहेर सकाळ होती आणि भिंगकाकांचा आवाज येत होता.

"अरे ठसेबाजा, आपल्या तिकीटसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे. पहिल्या चौकटीत तुझा ताव लावायचा. मागे डिंकासकट! परीक्षक आरशात मागची बाजू बघतात."

"राहू दे रे," ठसेकाका म्हणाले. "दुसरं काही ने."

"दुसरं काय ने? तो ताव म्हणजे तुझ्या संग्रहाचं नाक. आण, आण. म्हातारा झालास म्हणून कंजूष होऊ नकोस."

पेटी आली. झाकण निघाले. ठसेकाकांनी मला उचलले. मी तावाची कड धरली. धरली मात्र, आणि कडेचा मोहरीएवढा एक तुकडा सुटून टेबलाच्या काचेवर पडला.

तो पडल्याचा आवाज झाला नाही. तरी आतल्या खोलीतून काकू बाहेर आल्या, कारण दोन म्हातारे एकाच वेळी गप्प बसलेले त्यांनी कधी ऐकले नव्हते.

रेघ आता रेघ राहिली नव्हती. उजवे खालचे तिकीट आडवे चिरत ती आली होती आणि तिला फुटलेली एक फांदी शिक्क्याच्या कडेच्या अगदी जवळ येऊन थांबली होती. ताव मागच्या बाजूला, डिंकाकडे, वळून वाटीसारखा झाला होता.

ठसेकाकांनी ती वाटीसारखी वळलेली कड निरखली. मग कारखान्यात नापास झालेल्या भागाबद्दल बोलावे तशा सुरात म्हणाले, "ताव डिंकाकडे वळलाय. म्हणजे डिंक आक्रसतोय आणि कागदाला ओढतोय. युद्धाच्या दिवसांत चांगला डिंक मिळत नसणार. हाताला लागेल ते घोटलं असेल. त्यात मी या पुड्या घालत बसलो. ओलीला घाबरलो आणि कोरड्यानं मारलं."

"मग उघडून बघितलं का नाहीत इतके दिवस?" काकूंनी विचारले.

"माहीत होतं म्हणून."

काकू खुर्ची ओढून बसल्या. "आमच्याकडे पेशंट असेच यायचे. गाठ आहे हे ठाऊक असायचं, म्हणून तर वेळेवर दाखवायला यायचे नाहीत. बघितलं नाही की रोग जातो का? आता सांगा, यावर उपाय काय?"

  उपाय दोघांनाही माहीत होता; उच्चारायची हिंमत नव्हती. शेवटी ठसेकाका पुटपुटले, "डिंक धुऊन काढणं. पाण्यात."

"पाण्यात?" भिंगकाका ताडकन उभे राहिले. "अरे, डिंक म्हणजे तिकिटाची अब्रू! तो गेला की परीक्षक ढुंकून बघणार नाहीत. आणि शिक्क्याची शाई विरघळली म्हणजे? मग काय, पुलाची चित्रं बघत बसशील?"

"अब्रू राहणार आणि माणूस जाणार असेल," काकू म्हणाल्या, "तर त्या अब्रूलाच चौकटीत लावा, भावजी."

"वहिनी, हे इस्पितळ नाही हो!"

"नाही ना? मग पेशंटला मरायला का ठेवलंय? हा ताव ज्यांनी यांना दिला, त्यांनी मागची बाजू दिली नव्हती. पुढची दिली होती."

ठसेकाकांनी मान वर केली. दादाचे नाव न घेता काकूंनी दादालाच तिथे आणून बसवले होते.

शाईची शंका मात्र खरी होती. काही शिक्क्यांची शाई तेलकट असते आणि पाण्याला जुमानत नाही. काहींची पाणी लागताच निळसर ढग होऊन पसरते. काकू म्हणाल्या, "नवं औषध द्यायच्या आधी थोडं टोचून बघतो आम्ही. तसं करू." त्यांनी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, भिजवला, पिळला आणि शिक्क्याच्या बाहेरच्या कडेला, एका अक्षराच्या टोकावर, जेमतेम टेकवला. मग ठसेकाकांनी त्यावर टीपकागदाचा तुकडा दाबला.

तो तुकडा उचलण्याचे काम माझ्याकडे आले. मित्रांनो, तोवर मी इतका कधी घाबरलो नव्हतो.   मी टीपकागद उचलला, उलटा केला. तिघेही त्यावर वाकले.

पांढरा. नुसता ओला, पांढरा.

"चला," काकू म्हणाल्या.

उकळून गार केलेले पाणी एका पांढऱ्या पसरट ट्रेमध्ये ओतले. ठसेकाकांनी पारदर्शक प्लास्टिकचा एक ताठ कागद तावाच्या खाली सरकवला आणि त्या पाळण्यासकट ताव पाण्यात सोडला. भिंगकाका पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. "मला बघवत नाही," म्हणाले, आणि खिडकीच्या काचेत पडलेले ट्रेचे प्रतिबिंब पाहत राहिले.

आधी काहीच झाले नाही. मग तावाच्या कडेने बारीक बुडबुडे निघाले. पिवळट धुरासारखा डिंक पाण्यात उतरू लागला. वाटीसारखा वळलेला कागद हळूहळू सैल झाला, पसरला, सपाट झाला. श्वास रोखून धरलेल्या माणसाने तो सोडावा, तसा. आणि त्याच सैल होण्यात ती जुनी चीर उघडली. उजव्या खालच्या तिकिटाचा बाहेरचा अर्धा भाग सुटला, त्याचे पुन्हा तुकडे झाले आणि ते पाण्यात तरंगू लागले.

"गेला!" खिडकीशी उभे असलेले भिंगकाका ओरडले.

ठसेकाकांनी झटकन मला उचलले. उरलेला ताव पकडून बाहेर काढायचा, एवढेच त्यांना सुचले असावे. मी पाण्यावर आलो. खाली कागद इतका मऊ झाला होता की त्याला कड आहे की नाही, हेही समजत नव्हते. मला कळून चुकले, की मी मिटलो तर तो फाटेल. घासून कितीही गोल केले तरी मी पोलाद होतो. मिटणे हेच माझे काम, आणि त्या क्षणी मला माझ्या मिटण्याचीच दहशत बसली.

"चिमटा खाली ठेवा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ओल्या जखमेला चिमटा लावत नाहीत."

ठसेकाका थबकले.

"अहो, ठेवा खाली. प्लास्टिकचे दोन कोपरे तुम्ही धरा, दोन मी धरते. घाई नाही."

त्यांनी मला टेबलावर ठेवले. खरे सांगतो, आधी मला अपमान वाटला. इतकी वर्षे मीच त्याला उचलले होते. पण चार हातांनी तो पाळणा पाण्यातून इतका सावकाश वर आला, की पाण्यालाही तो गेल्याचे कळले नसेल. भिंगकाका कधी खिडकी सोडून धावले ते कोणी पाहिले नाही.

"टीपकागद! टीपकागद इकडे! गुळगुळीत बाजू वर वहिनी, गुळगुळीत!"

"अब्रू गेली ना, भावजी? मग एवढी धावपळ कशाला?"

"बोलू नका हो! हात हलतील!"

ताव टीपकागदावर उतरला. सुटलेले तुकडे काकूंनी ओल्या कापसाने एकेक टिपून बाजूला मांडले. पण ते इतके झिजले होते की जुळले नाहीत. त्या तिकिटाचा शिक्क्याकडचा अर्धा भाग तेवढा तावाला राहिला. तिसऱ्या दिवशी सारे कोरडे झाल्यावर ठसेकाकांनी माझ्या जोडावरचा गंज तेलाच्या बोळ्याने पुसला आणि मला हाती घेतले. भीत भीत मी ताव धरला. थरथर नव्हती. कागद पूर्वीसारखा किंचित लवला. मी त्याला पट्टीत सरकवले आणि पेटीतल्या पुड्या त्याच दिवशी कचऱ्यात गेल्या. आता पेटीचे झाकणही घट्ट नसते.

प्रदर्शनात परीक्षकांनी आरशात मागची बाजू पाहिली आणि 'डिंक नाही' असा शेरा मारला. बक्षीस मिळाले नाही. ठसेकाका तावासमोर उभे राहून बोटाने न शिवता तारीख, साल आणि तास वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, "शाब्बास, चिमटेराव." मी त्यांच्या खिशात होतो.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. जे तुम्हाला फार प्रिय असेल, ते पेटीत घालून निर्धास्त होऊ नका. उघडून बघत जा. रेघ दिसली, तर पेटी मिटू नका. कोणाला तरी दाखवा. पहिली रेघ उमटली त्याच दिवशी तो ताव पाण्यात गेला असता, तर माझा हिशेब आजच्याहून वेगळा असता.

आजचा असा आहे: शिक्का एक, अखंड. तिकिटे चारपैकी तीन.